लखलखाटाचा हुकूम

एप्रिलची पहिली यायला नऊ दिवस
सरहद्दीच्या भिंतीवरच्या किल्ल्यातून

मेसोर यास, आट्टोकडून.

धाकट्या भावाला लिहिताना आधी खुशाली विचारावी, मग आपली सांगावी, अशी आपल्या घरची रीत आहे. आज ती पाळत नाही. तू खुशालच असणार. प्रांताधिपतीच्या खास पहाऱ्याच्या नायकाला तिकडे छावणीत काय कमी असणार? इकडे आपल्या तुकडीला, आपल्या शंभरीला लखलखीत करून दाखवलंस आणि सहा दिवसांच्या वाटेवर निघून गेलास. मागे काय उरलं ते सांगायला हे पत्र.

तागोमास जखमी आहे. नाव लक्षात नसेल तर सांगतो. आपल्याच तंबूतला, डाव्या कानाची पाळी नसलेला. तू भरती झालास त्या हिवाळ्यात स्वतःच्या पायांतले लोकरी मोजे काढून त्याने तुला दिले होते. अकरा दिवसांपूर्वी तो नदीपलीकडच्या खिंडीत गस्तीवर होता. टेकाडावरून कुणीतरी फेकीचा भाला टाकला. लांबून आलेला, दम गेलेला भाला. साखळीच्या चिलखतावरून असा भाला घसरून खाली पडतो, आणि माणूस दोन शिव्या हासडून पुढे चालू लागतो. तू स्वतः असे किती झेललेस. या खेपेला उजव्या खांद्यावरच्या कड्या शिळ्या भाकरीसारख्या तुटल्या आणि टोक हाडापर्यंत गेलं.

वैद्याने त्याच्या मांसातून सात तुटक्या कड्या काढल्या आणि वाटीत घालून माझ्याकडे पाठवल्या. शस्त्रांची कोठी माझ्याकडे आहे ना, म्हणून. त्यातल्या तीन या पत्राला दोऱ्याने बांधून पाठवतोय. नखाने दाबून बघ. कडी आहे की सुकलेली काडी, ते तूच ठरव.

आता ऐक, मी का पेटलोय ते. तुझ्या जागी आलेल्या नव्या नायकाने ते चिलखत पाहिलं, आतून गंजलेलं पाहिलं आणि तागोमासवरच आरोप ठेवला, की शिपायाने हत्याराची हयगय केली. एप्रिल संपायच्या आदल्या दिवशी किल्लेदारासमोर सुनावणी आहे. त्या माणसाची चोवीस वर्षं भरली, मेसोर. येत्या नोव्हेंबरात पंचवीस. मानाने सुटला तर ब्राँझच्या पाटीवर नाव कोरून मिळेल. तो रोमचा नागरिक होईल, एन्नीका त्याची कायद्याने बायको होईल आणि दोन्ही पोरं नागरिक होतील. हयगय शाबीत झाली तर त्याला काळं तोंड करून वेशीबाहेर घालवतील. मग पाटी नाही, नाव नाही, आणि पोरं कुणाचीच नाहीत. आता त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. असा माणूस दुसरं काय कमावणार?

मला तुझ्याकडून एक पत्र हवं. एकच लाकडी पट्टी, तुझ्या मोहरेची. त्यात एवढंच लिही: 'ऑक्टोबरच्या शस्त्रपूजेच्या संचलनाआधी चिलखतं वाळूने घासायचा हुकूम माझा होता, आणि वर तेल-डांबर लावायचं नाही हाही हुकूम माझाच.' तो हुकूम तू मैदानात तोंडी दिलास, म्हणून कचेरीच्या दप्तरात तो नाही. मी तेव्हाच तुला सांगितलं होतं की हे महागात पडेल. आठवत असेलच.

आट्टो.


एप्रिलची तेरावी यायला चार दिवस

मेसोर यास, पुन्हा आट्टोकडून.

टपालाचा घोडेस्वार दोनदा येऊन गेला. पहिल्या खेपेला त्याने मान हलवली. दुसऱ्या खेपेला मला पाहून तो घोड्याच्या खुरात खडा शोधू लागला, तेव्हाच ओळखलं.

तिकडे बसून तुला वाटत असेल की म्हाताऱ्याने पराचा कावळा केलाय. तर मी तुला संचलनाआधीचे ते सहा दिवस पुन्हा सांगतो. तू त्यातली शेवटची चमक तेवढी पाहिलीस.

आपल्या शंभरीत नावाला शंभर, मोजायला ऐंशी माणसं. ऐंशी चिलखतं. या मुलखात आभाळ कोरडं असं वर्षातून किती दिवस असतं ते तुला ठाऊक आहे. म्हणून माझ्या आधीच्या कोठीवाल्याने, आणि त्याच्याही आधीच्याने, चिलखत उजळ ठेवायचा हट्ट कधी धरला नाही. चुलीजवळ गरम करायचं, तेलाच्या बुधल्याच्या तळाशी जो गाळ राहतो त्यात बुडवायचं, निथळलं की वर पातळ डांबराचा हात. काळंकुट्ट दिसतं, वास येतो, पण पाणी टिकत नाही. खिळ्यांच्या डोक्यांना आणि कडांना शिशाचा सफेदा. पितळी शिरस्त्राणांना कल्हई, तिथे चमक हवी तेवढी मिळते. मला हे सगळं कुणी शिकवलं ते सोड, तुला मी शिकवलं. बोटं काळी करून घेताना रडला होतास.

आणि तू येऊन म्हणालास, 'प्रांताधिपतींना काळी माकडं दाखवायची का? मला चांदीसारखी शंभरी पाहिजे.' मैदानात, सगळ्यांसमोर. मी तोंड उघडायच्या आत म्हणालास, 'आणि इथं मला तू म्हणायचं नाही. नायकसाहेब म्हणायचं.' म्हटलं मी. नायकसाहेब म्हटलं.

मग पिंपं. एकेका पिंपात चार चिलखतं, नदीची जाड वाळू आणि आंबलेल्या दारूचा सिरका. झाकण ठोकायचं आणि किल्ल्याच्या रस्त्यावरून वरून खाली, खालून वर लोळवायचं. एरवी गंज चढलेल्या एखाद्या चिलखताला आम्ही अशी एक फेरी देतो. तुझ्या हुकमाने प्रत्येकाला वीस फेऱ्या झाल्या, कारण डांबर सहज सुटत नाही, ते न सुटण्यासाठीच लावलेलं असतं. चौथ्या दिवशी वाळू उपसली तर ती राखाडी झाली होती. वाळू राखाडी का होते, नायकसाहेब? त्यात लोखंड उतरतं म्हणून. माणसांच्या अंगावरचं लोखंड मी सहा दिवस रस्त्यावर सांडत होतो.

आणि शेवटी चरबीचा हातही फिरवू दिला नाहीस. चरबीने चमक मरते, धूळ बसते. नुसत्या फडक्याने पुसून माणसं मैदानात उभी केलीस. दिसली मात्र देखणी, हे कबूल करतो. ऊन पडलं त्या दिवशी, नेमकं. प्रांताधिपतींनी डोळ्यांवर हात धरला आणि हसले, आणि तुझं भाग्य उघडलं. दुसऱ्या दिवसापासून पाऊस लागला. तू गेलास. उघडं लोखंड हिवाळाभर भिजत राहिलं, कारण संचलनाची चमक पुन्हा वसंतातल्या पाहणीलाही हवी असा तुझा तोंडी निरोप मागे पक्का बसला होता. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. फसलेलं जग वैद्याच्या खोलीत पालथं निजलंय.

काल त्याला भेटायला गेलो. म्हणाला, "आट्टो, खरं सांग. हयगय झाली का रे माझ्या हातून?"

मी म्हटलं, "तू रोज पुसत होतास. मी बघत होतो."

"पुसत होतो. पण पुसलं की फडकं तांबडं व्हायचं. तेव्हाच तुझ्याकडे यायला हवं होतं. वाटलं, तू आधीच सत्तर जणांच्या शिव्या खातोयस, एकाहत्तरावा कशाला." मग हसला. "तुझ्या भावाला मोजे बसले होते ना नीट?"

एन्नीका शेजारी बसली होती. ती आपल्यातली नाही, नदीकाठच्या गावातली. तिने तोंड फिरवलं आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मी अर्थ विचारला नाही.

लोहारशाळेत माझी काय शोभा होते तेही सांगतो. भट्टीवाला म्हणतो, "काय कोठीवाले, सख्ख्या भावाचं एक पत्र आणवत नाही? आम्हाला तर सावत्र पण लिहितात." मी ऐकून घेतो. उत्तर तुझ्याकडे आहे.

नव्या नायकाला मी सांगून पाहिलं. तो म्हणाला, "हुकूम दाखव."

"तोंडी होता."

"मग नव्हता," तो म्हणाला आणि जेवायला गेला.

ते पत्र पाठव. जेमतेम वीस दिवस उरलेत.

आट्टो.


मेची पहिली यायला अकरा दिवस

मेसोर यास.

तुझं पत्र मिळालं. लेखनिकाच्या वळणदार अक्षरात अर्धी पट्टी, आणि खाली तुझ्या हातची एक ओळ: 'दादा, तब्येतीला जप.' सोबत चांगल्या तेलाचा बुधला. गाळ नव्हे, वरचं तेल, पिवळंजर्द. ते मी दवाखान्यात देऊन टाकलं. आता पाठवतोस होय तेल? ऑक्टोबरात थेंब लावू दिला नाहीस.

लेखनिकाच्या अक्षरात काय आहे ते मी सगळ्या कोठीसमोर मोठ्याने वाचलं. लाज तुला वाटत नाही तर मी का लपवू? 'चमकवण्याचा हुकूम मी दिला असेल, पातळ करण्याचा दिला नव्हता. लोखंड किती घासावं हे ठरवणं कोठीवाल्याचं काम आहे. कोठीवाल्याने त्या वेळी कोणतीही हरकत घेतल्याचं मला स्मरत नाही.'

वाचून झाल्यावर भट्टीवाला म्हणाला, "लेखनिक हुशार आहे बुवा."

मी रागाने बाहेर गेलो. तटावरून दोन चकरा मारल्या. तुला काय काय म्हणायचं ते मनात जुळवत होतो, आणि बरंच जुळलंही होतं. मग तुझं तिसरं वाक्य आडवं आलं. ते खरं आहे.

मी पहिल्या पत्रात लिहिलं, की मी तेव्हाच सांगितलं होतं. नव्हतं सांगितलं. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. मग तू समोर आलास की 'होय, नायकसाहेब' म्हणायचो आणि पिंप लोळवायचो. चौथ्या दिवशी राखाडी वाळू मुठीत घेऊन तुझ्या दारापर्यंत आलो होतो. आत तू कुणाशी तरी हसत होतास. मी वाळू तिथेच टाकली आणि परत फिरलो. आपल्या धाकट्याचं भलं होतंय, त्यात आपण खोडा का घालावा, असं वाटलं. पूर्ण खरं सांगायचं तर तुझ्या मोठेपणाची मलाही चटक लागली होती. लोक 'नायकसाहेबांचा भाऊ' म्हणायचे आणि मी ऐकलं न ऐकलंसं करून पुन्हा म्हणवून घ्यायचो.

म्हणून मी तुझ्याहून वेगळा आहे असं म्हणत नाही. पण एक गोष्ट तुझ्या लेखनिकाला तू सांगितलेली दिसत नाहीस, ती मी सांगतो.

पहिल्या पिंपाचं झाकण ठोकण्याआधी तू कोठीत आलास. सगळ्यांना बाहेर पाठवलंस. मग नायकसाहेब नव्हतास, मेसोर होतास. म्हणालास, "दादा, माझं तेवढं घालू नकोस. माझं राहू दे तसंच काळं. संचलनाला मी खवल्यांचं कल्हईवालं घालीन." मी विचारलं, "का रे?" तू खांदे उडवलेस. "असू दे. गस्तीवर लागतं."

तुला ठाऊक होतं. लोखंड किती घासावं हे ठरवणं कोठीवाल्याचं काम, असं लिहिणाऱ्याला स्वतःच्या चिलखतापुरतं ते चोख कळत होतं. आणि मी ते घोंगडीत गुंडाळून मागच्या फळीवर ठेवलं, कारण तू माझा भाऊ आहेस. बाकीचे कुणाचे कोण, असं मला त्या घडीला वाटलं असलं पाहिजे. तागोमासचं चिलखत मी स्वतःच्या हाताने पिंपात घातलं.

तू जाताना नवं चिलखत मिळणार म्हणून ते इथेच टाकून गेलास. अजून त्या फळीवर आहे. गळ्याजवळ चिलखत अडकवायच्या पितळी आकड्यावर टोच्याने टिंबं मारून तुझं नाव घातलेलं आहे, माझ्याच हाताने, तू भरती झालास त्या वर्षी.

अजून वेळ आहे. तुझ्या घोडेस्वाराने जोर मारला तर आदल्या दिवशी तरी पत्र पोचेल. नाही पोचलं तर मी ते घोंगडं किल्लेदारासमोर सोडेन. ही धमकी नाही. धमकी देणारा माघार घेऊ शकतो. मला आता ती सोय राहिली नाही.

दादा म्हणून सही करत नाही.
आट्टो.


मेच्या पहिल्या तारखेनंतर तीन दिवस

मेसोर यास, आट्टोकडून.

पत्र आलं नाही. सुनावणी झाली. लोक तुला वेगळंच काही सांगतील, म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

किल्लेदार मोठ्या दालनात ओट्यावर बसले होते. तागोमास उभा होता, हात गळ्यात अडकवलेला. एन्नीकाला आत येऊ देत नव्हते, ती दाराच्या चौकटीत उभी राहिली आणि पहारेकऱ्याने तिला तिथे राहू दिलं. नव्या नायकाने गंजलेलं चिलखत दाखवलं, हयगयीचं कलम म्हटलं आणि खाली बसला. त्याचं सगळं दोन घोटांत आटपलं.

मी म्हटलं, "साहेब, शब्दांवर शब्द कशाला? अंगणात दोन खांब रोवायची परवानगी द्या."

किल्लेदार वैतागले होते, पण बसून बसून कंटाळलेही होते. बाहेर आले. मी कोठीची किल्ली त्यांच्या माणसाला दिली आणि म्हटलं, संचलनात उभ्या असलेल्यांपैकी कुणाचंही एक चिलखत आण, निवड तुझी. त्याने आणलं ते नव्या नायकाच्या लाडक्या निशाणवाल्याचं. पुसलेलं, लखलखीत, हयगयीचं नाव नाही. ते गवताच्या पेंढीवर चढवून खांबाला बांधलं. तीस पावलांवरून एका शिपायाला भाला टाकायला सांगितलं, तोही जोर न लावता. टोक पेंढीतून पलीकडे दिसलं. निशाणवाल्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मग मी घोंगडं सोडलं. काळं चिलखत, डांबराचा वास, वर बोटभर धूळ. दुसऱ्या खांबाला बांधलं. तोच माणूस, तोच भाला, तेवढीच पावलं. भाला आदळला, घसरला आणि चिखलात पडला. तीनदा टाकला.

किल्लेदार जवळ गेले. "हे कुणाचं?"

"आकड्यावर नाव आहे, साहेब."

"वाच."

वाचलं.

"हा म्हणजे आपल्याकडे नायक होता तो? ज्याने संचलन केलं?"

"तोच."

"तुझा कोण?"

"भाऊ."

"सख्खा?"

"सख्खा, साहेब."

त्यांनी डांबरावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. "हे का घासलं नाही?"

"त्याने नको सांगितलं."

"आणि बाकीची घासायला त्यानेच सांगितलं."

"हो."

"बाकीची पातळ होतायत हे तुला कळत होतं का?"

अंगणात सगळी शंभरी उभी होती. नाही म्हणालो असतो तर सगळं तुझ्या अंगावर गेलं असतं आणि मी सुटलो असतो. तुझ्या लेखनिकाने तरी दुसरं काय केलं?

"चौथ्या दिवसापासून कळत होतं," मी म्हटलं.

कुणीतरी मागून थुंकलं. बरोबर केलं त्याने.

तागोमास सुटला. त्याची जखम सेवेत झालेली म्हणून लिहिली गेली. नोव्हेंबरपर्यंत त्याला धान्याच्या कोठारात बसायचं हलकं काम आहे. नोव्हेंबरात पाटी मिळेल, आणि पाटीवर पोरांचीही नावं येतील. तागोमास मला म्हणाला: "आट्टो, आधी बोलला असतास तर माझा हात असता." मग थोड्या वेळाने, "बोललास ते बरं झालं." दोन्ही वाक्यं मी जपून ठेवली आहेत, पहिलं जास्त.

तुझ्याबद्दलचा अहवाल किल्लेदारांनी छावणीकडे धाडला. तिथे त्याचं काय होईल ते मला ठाऊक नाही. चमकणाऱ्यांना धरून ठेवणारे हात वर पुष्कळ असतात. मला त्याची चीड येते आणि येत राहील, पण त्याची वाट बघत बसायला आता सवड नाही.

माझी कोठी गेली. नायकाच्या हातच्या द्राक्षवेलीच्या छडीचे वीस फटके मिळाले, आणि मी पुन्हा साधा शिपाई झालो, बेचाळिसाव्या वर्षी. नव्या कोठीवाल्याला काम येत नाही, म्हणून दुपारपर्यंत मी त्याला शिकवतो. उजळ लोखंडावरचा हुकूम किल्लेदारांनी रद्द केला. पण ऐंशी चिलखतं तपासायची, मेलेल्या कड्या काढायच्या, नव्या ओवायच्या, त्यांचे बारीक खिळे ठोकायचे, मग तेल, मग डांबर. दिवसाला एक झालं तर नशीब. उन्हाळा उलटेल. कुणाचं आधी, कुणाचं नंतर, ती यादी करायला त्यांनी मलाच सांगितलं. बायकापोरं असलेले आधी घेतले, मग नवी भरती, मग बाकीचे. शेवटचं नाव माझं आहे.

तुझं काळं चिलखत निशाणवाल्याला दिलं. त्याला ते थोडं सैल होतं.

उद्या पहाटे आमची तुकडी गस्तीवर निघते, नदीपलीकडे, त्याच खिंडीतून. मला अंगावर घालायला जे मिळालंय ते मी स्वतः सहा दिवस लोळवलेलं आहे. आज दुपारी चढवून बघितलं. फार हलकं लागतं.

आट्टो.